बोरमाळचं उपकेंद्र

दगडाबाई लग्न होऊन बोरमाळला आली तेव्हा तिच्या सासऱ्याची मेंढरं पार शेंद्र्याच्या माळापर्यंत चरायला जायची. पुढं त्या माळावर कारखाने आले, तारेची कुंपणं आली आणि मेंढरं कमी होत होत दारात चार शेळ्या उरल्या. नवरा सोनाजी काविळीनं गेला. त्यानंतर लोकांच्या रानात निंदण-खुरपण करून तिनं एकुलत्या पोराला, पुंजारामला वाढवलं आणि पैठणकडच्या एका गावातून द्वारका नावाची सून करून आणली. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबादच होतं.

द्वारका दहावीपर्यंत शिकलेली होती. करमाडला बाजाराला गेली की ती येणाऱ्या प्रत्येक एसटीची पाटी मोठ्यानं वाचायची आणि सासूला विचारायची, आत्याबाई, यातल्या कुठल्या गावाला गेलाय तुम्ही? दगडाबाई बहुतेक कुठंच गेलेली नसायची. मग दोघी हसायच्या. सासू-सुनेचं असं जमलेलं पाहून शेजारची सारजाबाई म्हणायची की यांच्या घरात भांडायला माणूस भाड्यानं आणावं लागेल.

गावाच्या वरच्या अंगाला, शाळेच्या पलीकडं, सरकारनं आरोग्य उपकेंद्र बांधलं होतं. उद्घाटनाला आमदार आले होते. या गावातल्या कुठल्याच लेकीबाळीला बाळंतपणासाठी गाव सोडावं लागणार नाही, असं ते बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पोराटोरांना बुंदी वाटली गेली. पहिल्या वर्षी एक नर्सबाई येत होती. मग तिचं येणं आठवड्यातून एकदा झालं आणि नंतर बंद पडलं. दाराला कुलूप लागलं. किल्ली सरपंचांच्या घरी असायची. सरपंच होत्या लक्ष्मीबाई, पण गावाचा कारभार त्यांचे मालक नानासाहेब पाहायचे. इमारत रिकामीच आहे म्हणून नानासाहेबांनी ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या तिथं ठेवायला सुरुवात केली. ते चोरून केलेलं नव्हतं. दिवसाढवळ्या ट्रॅक्टर तिथं लागायचा आणि गावातलीच माणसं गोण्या उतरवायची. त्या माणसांत पुंजारामही असायचा.

श्रावणात द्वारकाचं पोट दुखायला लागलं. तारखेला अजून अवकाश होता, म्हणून माहेरी पाठवायचं राहून गेलं होतं. सारजाबाईनं गावात पुष्कळ बाळंतपणं केली होती, ती आली. दुपारी मुलगी झाली. मुलगी चांगली रडली, पण द्वारकाचं रक्त थांबेना. सारजाबाईनं तिला येत होतं ते सगळं केलं आणि शेवटी ती दगडाबाईला बाहेर बोलावून म्हणाली, "हे माझ्या हातातलं नाय. गाडी बघा."

गावात जीप एकच, नानासाहेबांची, आणि नानासाहेब करमाडला गेलेले. पुंजारामनं फोन केला. ते हातातलं काम टाकून तसेच आले. ड्रायव्हरची वाट न पाहता स्वतः गाडी चालवायला बसले. मागं दगडाबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि तान्ह्या पोरीला दुसऱ्या शेजारणीकडं ठेवून सारजाबाईही सोबत निघाली. गावातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत कच्ची वाट होती आणि नाल्याच्या उताराला चिखलात चाक रुतलं. नानासाहेबांनी खाली उतरून पुंजारामच्या बरोबरीनं जीपला खांदा लावला. त्यांचे पांढरे कपडे कमरेपर्यंत चिखलानं माखले. द्वारका म्हणाली की तहान लागली. पाणी कुणीच आणलं नव्हतं. डांबरी रस्ता लागला तेव्हा दगडाबाईच्या हातातला तिचा हात गार पडला होता. पण दगडाबाई कुणाला काही बोलली नाही. गाडी थांबू नये असं तिला वाटत होतं.

रस्त्यावर लागलेल्या पहिल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं गाडीतच तपासलं आणि मान हलवली. कागद लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "गावात उपकेंद्र नाही का तुमच्या? एक इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं, तर कदाचित इथपर्यंत जिवंत आली असती."

नानासाहेब खिडकीबाहेर पाहत होते. दगडाबाईच्या डोक्यात मात्र ते वाक्य बसलं आणि मग तिथून हललंच नाही.

सरणाची लाकडं नानासाहेबांनीच पाठवली. दहाव्यालाही ते येऊन गेले. नात शेळीच्या दुधावर जगली. तिचं नाव दगडाबाईनं गोदावरी ठेवलं, कारण द्वारकाचं माहेर नदीच्या काठी होतं. पुंजाराम दिवस दिवस ओसरीवर बसून राहायचा, कामाला जायचा नाही आणि लेकीकडं पाहायचाही नाही.

एक दिवस दगडाबाई नानासाहेबांच्या घरी गेली आणि नर्सबाई का येत नाही, असं तिनं सरळ विचारलं. नानासाहेबांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. नर्स नेमणं हे पंचायतीच्या हातात नसतं. वर अर्ज केलेला आहे. वरचे लोक ऐकत नाहीत. ते खोटं बोलत होते असं तिला वाटलं नाही. पण नळ्या आणि गोण्यांचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि तिलाही त्यांच्या घरचा चहा पिताना ते काढता आलं नाही.

मग ती शहरात गेली. सोबत सारजाबाई होती आणि छातीशी नात. आरोग्याचं ऑफिस शोधायलाच निम्मा दिवस गेला. तिथला कारकून म्हणाला की बोरमाळला नर्स आहे. दगडाबाईला वाटलं तो दुसऱ्या कुठल्या गावाचं सांगतोय. तिनं पुन्हा गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, हो, तेच, तिथं बाई नेमलेल्या आहेत, पगार निघतो, तुमच्या गावात जागा रिकामी नाही, म्हणून दुसरी नर्स देता येणार नाही. मग ती बाई कुठं आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला की कामाच्या सोयीसाठी त्यांना इथंच शहरात बसवलंय. कुणी बसवलं, ते त्याला सांगता येईना. ज्या साहेबांनी बसवलं ते बदलून गेले होते आणि आताच्या साहेबांना आधीच्यांचा हुकूम मोडता येत नव्हता.

नर्सबाई शहरातच गारखेड्याला राहते एवढं तिथल्या शिपायानं सांगितलं. दोघी विचारत विचारत तिच्या घरी गेल्या. दगडाबाईला भांडायचं होतं. रस्ताभर तिनं मनात शब्द जुळवले होते. पण दार उघडलं ते एका थकलेल्या बाईनं. आत म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली होती. नर्सबाईनं दोघींना ओळखलं आणि आत घेतलं. द्वारकाचं ऐकून ती खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मग तिनं सांगितलं की उपकेंद्रात नळ होता पण पाणी नव्हतं, संडासला दार नव्हतं, वीज जोडलीच नव्हती. रात्री राहायचं तर आतून कडी लागत नव्हती आणि पिऊन आलेली माणसं दार वाजवायची. तिनं पंचायतीला सांगितलं, वर सांगितलं आणि शेवटी नवऱ्यानं कुणाला तरी भेटून तिला शहरात आणवलं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर राहिला असता का तिथं?" तिनं विचारलं.

दगडाबाईचे जुळवलेले शब्द तसेच राहिले. परत येताना एसटीत ती सारजाबाईला म्हणाली की जिच्याकडं जावं तिचंच खरं वाटतंय, मग द्वारका मेली कुणामुळं? सारजाबाई म्हणाली, देवानं नेली म्हण आणि सोड आता. दगडाबाईला ते सोडता येईना.

गांधी जयंतीला ग्रामसभा होती. एरवी ग्रामसभा म्हणजे पंचायतीच्या ओट्यावर पाच-दहा पुरुष, आणि त्यातलेही निम्मे उन्हाला कंटाळून सावलीला आलेले. या वेळी दगडाबाईनं घरोघरी जाऊन बायकांना बोलावलं. ज्यांच्या लेकी-सुनांचे दिवस भरत आले होते त्या आल्या, आणि त्यांच्या मागं बाकीच्या आल्या. ओटा भरून बायका खाली रस्त्यावर बसल्या. खुर्चीवर लक्ष्मीबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी नानासाहेब. ग्रामसेवकानं रस्ते, गटार, घरकुल वाचून दाखवलं आणि सवयीनं विचारलं की आणखी कुणाला काही मांडायचं आहे का. कुणी मांडेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. तो दप्तर बांधायला लागला होता.

दगडाबाई नातीला घेऊन उभी राहिली. "दवाखान्याची किल्ली कुणाकडं हाय?"

नानासाहेब म्हणाले, "वहिनी, किल्ली पंचायतीकडं हाय."

"पंचायत म्हंजी आपुनच ना? मंग द्या माझ्याकडं. म्या उघडते. आत काय ठिवलंय ते समद्यांला दिसू द्या. माझी सून ज्या खाटंवर वाचली आसती, त्या खाटंवर काय ठिवलंय ते बगू द्या."

मागच्या बायकांतून आवाज उठला. द्या किल्ली, द्या, असं दोघी-तिघी म्हणाल्या. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नानासाहेबांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले की उद्या नळ्या काढून घेतो आणि वरही पुन्हा कळवतो. ग्रामसेवक म्हणाला की विषय नोंदवून घेतलाय. सभा संपली. त्या दिवशी बायका घोळक्यानं घरी गेल्या. सारजाबाई वाटेत मोठ्यानं हसत होती आणि दगडाबाईला द्वारका गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर भूक लागली.

दोन दिवसांनी संध्याकाळी लक्ष्मीबाई एकट्याच तिच्या दारात आल्या. गोदावरीसाठी त्यांनी झबली आणली होती. थोडा वेळ त्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या आणि मग म्हणाल्या, "आक्का, मला जितं सह्या करायला सांगत्यात, तितं सह्या करते. किल्ली खुंटीला दिसती मला रोज. पर मला काढून देता येत नाय." डोळे पुसून त्या अंधार पडायच्या आत निघून गेल्या.

नळ्या तशाच पडून राहिल्या, म्हणून त्याच आठवड्यात बायकांनी टेम्पो ठरवला आणि जिल्ह्याच्या ऑफिसवर गेल्या. मोठे साहेब बैठकीत होते. दुसऱ्या साहेबांनी उभ्या उभ्या ऐकलं, दगडाबाईचं नाव विचारलं, नातीच्या गालाला हात लावला आणि सांगितलं की महिनाभरात चौकशीला अधिकारी येईल. तो स्वतः उपकेंद्र पाहील आणि लोकांना विचारील. बायका खूश होऊन परतल्या. दगडाबाईनं घरी येऊन पुंजारामला सगळं सांगितलं.

दिवाळीआधी पुंजाराम कामाला लागला. शेंद्र्याच्या एका ठेकेदाराकडं वॉचमनची जागा होती आणि ती नानासाहेबांनी सांगून मिळवून दिली. पोरगं ओसरीवरून उठलं याचा दगडाबाईला आनंदच झाला. खाकी गणवेश घालून तो सकाळी सायकलवर निघाला तेव्हा तिनं नातीला दारात आणून दाखवलं, बघ तुझा बाप. त्यात दुसरं काही असेल असं तेव्हा तिच्या मनात आलं नाही.

मग उपकेंद्राला चुना लागला. नळ्या आणि गोण्या निघाल्या, खिडक्यांना पडदे आले, शेजारच्या विहिरीवरून मोटर लावून टाकी भरली आणि खांबावरून तार ओढून एक दिवा लावला. लोक म्हणाले, बघ दगडाबाई, झालं ना तुझं काम. तीही रोज जाऊन लांबून पाहून यायची. खाटेवर पांढरी चादर घातलेली दिसली तेव्हा तिथंच पायरीवर बसून ती रडली.

चौकशीच्या दिवशी अधिकारी जीपमधून उतरले तेव्हा उपकेंद्राचं दार उघडं होतं, गारखेड्याची नर्सबाई पांढऱ्या साडीत टेबलाशी बसली होती आणि बाहेर बायकांची रांग होती. दगडाबाई नातीला घेऊन पोचली आणि रांगेकडं पाहून थांबली. तिच्याबरोबर टेम्पोत बसून जिल्ह्याच्या ऑफिसवर गेल्या होत्या त्याच या बायका. पुढं सारजाबाई होती आणि तिच्या हातात गोळ्यांची पुडी होती. दगडाबाईशी नजर मिळताच तिनं मान खाली घातली. तिचं घर गायरानात होतं आणि ते कधीही उठवता येत होतं. बाकीच्यांपैकी कुणाचं घरकुल अडलेलं होतं, कुणाच्या पोराला गावाच्या पाणीयोजनेवर ठेवायचं बोलणं चाललं होतं. नानासाहेबांनी कुणाला धमकी दिली नव्हती. ते फक्त प्रत्येकीच्या घरी जाऊन बसले होते आणि गावाची अब्रू जाते, एवढंच बोलले होते.

अधिकाऱ्यांनी एकेकीला विचारलं. नर्सबाई येतात का? येत्यात. औषध मिळतं का? मिळतं. नर्सबाईनं मान वर केली नाही. मग मयत बाईच्या नवऱ्याला बोलावलं. पुंजाराम गणवेशातच आलेला होता. कामावरून अर्धा दिवस सोडून त्याला पाठवलं होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं की तुमच्या पत्नीला इथं उपचार का मिळाले नाहीत.

पुंजाराम हळू आवाजात म्हणाला, "मिळाले असते साहेब. आमीच उशीर केला. आईनं घरीच बाळंतपण करायचं ठरवलं."

दगडाबाई दारात उभी होती. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण अधिकारी तिच्याकडं वळले आणि विचारलं, "आजी, हे खरं आहे का?"

तिनं पोराकडं पाहिलं. तो भिंतीकडं पाहत होता. खोटं आहे म्हणावं तर पोर खोटारडा ठरत होता, आणि खरं आहे म्हणावं तर द्वारकाला तिनंच मारलं असं होत होतं. ती म्हणाली, "साहेब, हे आज उघडलंय. तुमी उद्या या."

"उद्या मला दुसऱ्या गावाला जायचं आहे, आजी," अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तिचं दुःख आपण समजू शकतो असं ते म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. नानासाहेबांच्या घरी त्यांच्या जेवणाची सोय होती. लक्ष्मीबाई वाढायला होत्या.

संध्याकाळी पुंजाराम घरी आला, पण आत येईना. दगडाबाईनं भाकरी थापली, ताट वाढलं आणि त्याला हाक मारली. तो ताटावर बसला आणि घास न घेता म्हणाला, "माय, म्या खरं बोललो असतो तर द्वारका आली असती का माघारी?"

"नाय."

"मंग?"

"मंग काय. जेव."

तो जेवला. तिच्या मनात पुष्कळ होतं, पण पोर कितीतरी दिवसांनी भुकेनं जेवत होतं. तिनं तव्यावरची दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली.

नर्सबाई त्यानंतर काही आठवडे मंगळवारी येत राहिली. दगडाबाईसमोर आली की ती वाट बदलायची. संक्रांतीनंतर तिचं येणं थांबलं. विहिरीच्या मालकानं मोटर काढून नेली आणि खांबावरची तार वीजवाल्यांनी तोडली, कारण जोडणी रीतसर नव्हती. दाराला पुन्हा कुलूप लागलं. फाल्गुनात गावाच्या एका वाडीवरची एक बाळंतीण जीपमधून शहरात पोचली आणि वाचली, पण मूल गेलं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. दगडाबाई त्या घरी भेटायला गेली तेव्हा घरच्यांनी तिला बसायला सांगितलं, पण उपकेंद्राचा विषय निघेल म्हणून सगळे जरा घाबरलेले दिसले. तिनं तो विषय काढलाच नाही.

पुढच्या पंचायतीच्या निवडणुकीला मतदान झालंच नाही. मारुतीच्या पारावर बैठक झाली, सगळ्या जागा समजुतीनं वाटल्या गेल्या आणि गाव बिनविरोध झालं म्हणून पेपरात दोन ओळी आल्या. दगडाबाईला वाटत होतं की आपण उभं राहावं. निवडून येण्याची आशा तिला नव्हती. एकदा तरी लोकांनी मत देताना आपलं नाव वाचावं, एवढंच होतं. तिनं सारजाबाईजवळ तसं बोलून पाहिलं. सारजाबाई तिच्याशी पुन्हा बोलायला लागली होती, आणि दुसरी मैत्रीण दगडाबाईला नव्हतीच. सारजाबाई पदराची गाठ सोडत-बांधत राहिली आणि मग म्हणाली की माझं मत तुलाच असतं, पण ते कुणाला कळलं तर मी कुठं जाऊ? दगडाबाईनं पुन्हा तो विषय काढला नाही.

पुंजारामनं दुसरं लग्न केलं आणि कारखान्याजवळ खोली घेतली. नवी सून वाईट नव्हती, पण पहिलीची लेक तिला नको होती. गोदावरी आजीजवळच राहिली. ती चालायला लागली, बोलायला लागली आणि अंगणवाडीत घालायची झाली. अंगणवाडीत जन्माचा दाखला मागितला. जन्म घरी झालेला, नोंद झालीच नव्हती. दगडाबाई दाखल्यासाठी पंचायतीत खेटे घालायला लागली. ग्रामसेवक कधी तालुक्याला गेलेला असायचा, कधी साहेबांच्या बैठकीला, आणि भेटला की पुढच्या आठवड्यात ये म्हणायचा.

एका दुपारी पंचायतीचा शिपाई सांडू हजेरीचं रजिस्टर आणि शाईचा डबा घेऊन तिच्या दारात आला. तो वाईट माणूस नव्हता, तिच्या नवऱ्याच्या बरोबरचा होता. गेल्या सोमवारच्या ग्रामसभेला हजर असल्याचे अंगठे तो घरोघरी गोळा करत होता.

"सोमवारी सभा झाली?" दगडाबाईनं विचारलं.

"झाली म्हणायची," सांडू म्हणाला.

"काय ठरलं?"

"ते वर जे लागतं ते लिहिलंय. दवाखाना चालू हाय, औषधं मिळत्यात, असं बी हाय त्यात." तो ओशाळून हसला. "तुमी नाय म्हणलात तरी माझं काय जात नाय, वहिनी. पर तुमच्या दाखल्यावर सही ग्रामसेवक सायबाचीच लागती."

दगडाबाई ओसरीवर बसली. आत गोदावरी झोपली होती. रस्त्याच्या पलीकडून सारजाबाई पाहत होती. तिनं अंगठा आधीच दिला होता. सांडूनं घाई केली नाही. तो उंबऱ्याशी टेकून तंबाखू मळत राहिला.

थोड्या वेळानं दगडाबाईनं हात पुढं केला. सांडूनं अंगठ्याला शाई लावली, तो रजिस्टरात तिच्या नावापुढं टेकवला आणि पान वाळावं म्हणून फुंकर मारली. पुढच्या घराकडं जाता जाता तो म्हणाला की दाखल्याचं मी आठवण करून देतो. दाखला मिळायला त्यानंतर पावसाळा उजाडला. त्यात गोदावरीची जन्मतारीख चुकलेली होती, पण ती दुरुस्त करायला दगडाबाई गेली नाही.